पाकोळ्यांची हजेरी कशी घ्यावी? सातारा-सांगलीकरांसाठी काही सूचना

‘पाकोळ्या कमी झाल्यात का हो?’ हा प्रश्न साताऱ्यातून आणि सांगलीतून वरचेवर येतो. त्याच्या जोडीला ठरलेले आणखी काही प्रश्न असतात. पोर्चच्या छताला घरटी आहेत आणि रंगारी उद्या येणार, काय करू? घरटी काढली तर गुन्हा होतो का? संध्याकाळी देवळाभोवती चिरकत फिरतात त्या पाकोळ्या की वटवाघळे? आणि मोजायच्या तर कशा, त्या क्षणभर एका जागी ठरत नाहीत!

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या गल्लीपुरते कोणीच देऊ शकत नाही, कारण पूर्वी किती होत्या हे कोणी लिहून ठेवलेले नसते. ‘लहानपणी खूप असायच्या’ ही आठवण खरी असली, तरी नगरपालिकेच्या टेबलावर ती चालत नाही. एकाच जागेची, एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षे ठेवलेली नोंद मात्र चालते. त्यासाठी पक्षितज्ज्ञ असण्याची गरज नाही. वही, पेन, घड्याळ आणि पंधरवड्यातली एक मोकळी संध्याकाळ पुरते. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही.

आधी ओळख पक्की करा

आपल्या शहरांत इमारतींना घरटी करते ती छोटी पाकोळी. शास्त्रीय नाव अपस अफिनिस. चिमणीपेक्षा किंचित लहान, काळा रंग, पांढरा गळा, पाठीच्या शेवटी ठळक पांढरा पट्टा आणि आखूड, सरळ कापलेली शेपटी. उडताना पंख विळ्याच्या पात्यासारखे बाकदार आणि ताठ दिसतात.

एक कसोटी कधी चुकत नाही. विजेच्या तारेवर बसलेला पक्षी पाकोळी नसतो. पाकोळीचे पाय अगदी आखूड असतात आणि चारही बोटे पुढे वळतात. उभ्या भिंतीला नख्यांनी लटकणे तिला जमते, तारेवर किंवा फांदीवर बसणे जमत नाही. खाणे, पिणे, घरट्यासाठी पिसे आणि काड्या पकडणे हे सगळे ती उडता उडताच उरकते.

गल्लत होते ती पुढील मंडळींशी:

- भिंगऱ्या: तारेवर ओळीने बसतात. घरटे चिखलाचे, गोळ्या-गोळ्यांनी लिंपलेले. पाकोळीचे घरटे गवत, काड्या आणि पिसांचे, लाळेने चिकटवलेले आणि दिसायला अगदी गबाळे.
- लालबुडी भिंगरी: हिचे मातीचे घरटे नळीच्या तोंडाचे असते. अशा आयत्या घरट्यात पाकोळ्या घुसतात. नळीच्या तोंडाशी पिसे डोकावताना दिसली तर आत कोण जाते ते पाहूनच नोंद करा.
- वटवाघळे: पाकोळ्या घरी परतू लागतात त्या सुमारास ही बाहेर पडतात. त्यांची उड्डाणे फडफडती आणि वाकडीतिकडी, पाकोळीची सरळ कापत जाणारी.
- पर्वत पाकोळी: आकाराने बरीच मोठी, पोट पांढरे. सज्जनगड, अजिंक्यतारा अशा कड्यांच्या बाजूला आकाशात दिसली तर ती वेगळी लिहा. तिचा तुमच्या इमारतीतल्या वसाहतीशी संबंध नाही.
- ताडपाकोळी: सडपातळ, मातकट, लांब दुभंगलेल्या शेपटीची. ही ताडाच्या पानाच्या खालच्या बाजूला घरटे चिकटवते. बंगल्याच्या आवारातल्या ताडाची वाळकी पाने छाटण्याआधी पाच मिनिटे खाली उभे राहा, ती ये-जा करताना दिसेल.

ओळखीबद्दल शंका उरली तर ‘पाकोळी?’ असे प्रश्नचिन्हासह लिहा. शंकेच्या नोंदीने बिघडत नाही, खोट्या खात्रीने बिघडते.

जागा कोणती निवडाल?

शोध जुन्या वाड्यांचे दिंडीदरवाजे, देवळांचे सभामंडप, शाळांचे व्हरांडे, एसटी स्थानकांची छते आणि पुलांच्या कमानी इथे घ्या. साताऱ्यात राजवाड्याचा परिसर आणि संगम माहुलीची देवळे, सांगलीत गणपती मंदिराचा परिसर आणि हरिपूरचे संगमेश्वर, मिरजेत दर्ग्याचा परिसर आणि रेल्वे स्थानक ही फेरी मारायला चांगली ठिकाणे. मान वर करून छताचे कोपरे आणि तुळयांच्या कडा पाहा. जमिनीवर विष्ठेचे डाग आणि पिसे एका पट्ट्यात पडलेली दिसली की बरोबर डोक्यावर घरटी असण्याची शक्यता मोठी. तरी डागांवर विसंबू नका. कबुतरे तिथेही असतात.

मग या सगळ्यांतून एकच जागा निवडा. उत्साहाच्या भरात दहा ठिकाणांची यादी करणारे दुसऱ्या महिन्यात थकतात, आणि दहा ठिकाणांची एकेक नोंद काहीच सांगत नाही. घराजवळची, रोजच्या वाटेवरची, संध्याकाळी उभे राहायला सुरक्षित अशी जागा बरी. शाळा किंवा महाविद्यालय असेल तर फारच छान, कारण तिथे दर वर्षी नवे विद्यार्थी काम पुढे नेतात.

परवानगी आधीच घ्या. खासगी वाड्यात मालकांची, देवस्थानात विश्वस्तांची, रेल्वे स्थानकात स्टेशन मास्तरांची. दर्ग्यात किंवा देवळात पूजा-नमाजाच्या वेळा टाळा आणि कॅमेरा काढण्याआधी विचारा. वर बघत वहीत काहीतरी लिहिणारा अनोळखी माणूस कोणालाही संशयास्पद वाटतो. एक साधे पत्र खिशात असले की वाद टळतो.

आयर्विन पुलाबद्दल वेगळे सांगायला हवे. १९२९ सालचा हा पूल सांगलीकरांना कृष्णेच्या पाणीपातळीमुळे पाठ आहे. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. पावसाळ्यात पाणी चढू लागले की घाटावर उतरून मोजणी करायची नाही, काठावरूनही नाही. त्या तारखेपुढे ‘मोजणी नाही, पूर’ एवढे लिहा. ती नोंदही उपयोगाची आहे.

मोजणीची पद्धत

दोन गोष्टी मोजायच्या, आणि त्या वेगवेगळ्या रकान्यांत.

१. घरटी. दिवसा, महिन्यातून एकदा. छताचा कच्चा नकाशा वहीच्या एका पानावर काढा. तुळया, खांब, पंख्याचे हूक, दिवे जसे असतील तसे दाखवा आणि प्रत्येक घरट्याला क्रमांक द्या. पाकोळ्यांची घरटी एकमेकांना चिकटून असतात, त्यामुळे एक ढीग म्हणजे एक घरटे असे धरू नका, तोंडे मोजा. प्रत्येक घरट्यापुढे तीनपैकी एक खूण करा. पक्षी आत जाताना किंवा बाहेर येताना दिसला तर ‘वापरात’. घरटे शाबूत पण कोणी दिसले नाही तर ‘माहीत नाही’. फुटलेले, अर्धे पडलेले तर ‘मोडके’. चिमण्याही पाकोळ्यांची घरटी बळकावतात. अशा घरट्यापुढे ‘चिमणी’ लिहा आणि ते पाकोळ्यांच्या बेरजेत धरू नका.

२. संध्याकाळचा परतावा. विणीचा हंगाम सरला तरी पाकोळ्या रात्रीच्या मुक्कामाला घरट्यात येतात, म्हणून ही मोजणी बाराही महिने करता येते. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी जागेवर या आणि पूर्ण अंधार होईपर्यंत थांबा. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातनंतर. तेव्हा घड्याळातली ठरावीक वेळ धरू नका, सूर्यास्त धरा. आत गेलेला प्रत्येक पक्षी अधिक, बाहेर आलेला वजा. दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. दोघे असाल तर एकाने फक्त बघावे आणि मोठ्याने सांगावे, दुसऱ्याने लिहावे. एकट्याने हे करताना मान खाली गेली की तेवढ्यात चार पक्षी आत शिरलेले असतात.

हवेत घिरट्या घालणारा थवा मोजायचा मोह होतोच. मोजा, पण वेगळ्या रकान्यात. तोच थवा इमारतीला फेरी मारून पुन्हा समोर येतो. आधी बारा, मग पंधरा, मग दहा दिसले तर सदतीस लिहायचे नाहीत. एका वेळी दिसलेला सर्वांत मोठा आकडा, म्हणजे पंधरा, एवढाच लिहायचा. नव्या लोकांच्या वह्यांतली सर्वांत मोठी चूक हीच असते, आणि ती नेहमी आकडा फुगवणारीच असते.

घरट्यांना दोनने गुणून पक्षी काढण्याची सवयही सोडा. काही घरटी रिकामी असतात, काहींत दोनांपेक्षा जास्त पक्षी रात्र काढतात. घरटी ती घरटी, पक्षी ते पक्षी.

पंधरवड्यातून एक संध्याकाळ पुरेशी आहे. तेवढे जमत नसेल तर महिन्यातून एक, पण चुकवायची नाही. वहीत दर वेळी पुढील गोष्टी हव्यात:

- तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, मोजणाऱ्याचे नाव
- उभे राहण्याची नेमकी जागा (दर वेळी तीच)
- ढग, वारा, पाऊस
- वापरातली घरटी, आत शिरलेले पक्षी, थव्याचा सर्वांत मोठा आकडा
- इमारतीत झालेला बदल: रंग, जाळी, नवा दिवा, बांधकामाची परांची
- काहीच दिसले नाही तर शून्य

शून्य लिहायला लोक कचरतात. पक्षी नव्हते म्हणून नोंदच केली नाही असे झाले, तर पुढे वही वाचणाऱ्याला पक्षी नव्हते की तुम्ही गेला नव्हता हे कळत नाही.

आकडा फसवतो तेव्हा

मे महिन्यात वळवाच्या आधी हवा कोंदते आणि आकाशात एकाएकी शेकडो पाकोळ्या दिसतात. पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटून ती जमिनीतून उसळते तेव्हाही तसेच. या पाकोळ्या लांबून खाण्यासाठी आलेल्या असतात. त्यांचा आकडा थव्याच्या रकान्यात जरूर लिहा, पण ‘आमच्या इमारतीतल्या पाकोळ्या वाढल्या’ असा अर्थ लावू नका. उलट धो-धो पावसाच्या संध्याकाळी इमारतीतल्या पाकोळ्या लवकर आत शिरतात किंवा उशिरा येतात, त्यामुळे नेहमीच्या वेळेला कमी दिसतात.

साताऱ्याचा आकडा सांगलीशी ताडून पाहण्यातही फारसा अर्थ नाही. साताऱ्याला सह्याद्रीच्या कुशीतला पाऊस मिळतो, सांगलीला त्याहून बराच कमी. तुलना करायची ती त्याच जागेची, त्याच महिन्याची, गेल्या वर्षाशी. आणि एका वर्षाच्या घसरणीवरून वर्तमानपत्राला बातमी देऊ नका. तीन वर्षे सलग खाली आली तर मात्र बोलायलाच हवे.

वहीतली नोंद पुढे कुठे जाते?

वही स्वतःजवळ ठेवा, पण नोंद ई-बर्ड या मोफत संकेतस्थळावर किंवा ॲपवरही चढवा. तिथे पंधरा मिनिटांची, दिसलेल्या सर्व पक्ष्यांची यादी हे सोयीचे माप मानतात. घरट्यात ये-जा दिसली असेल तर विणीचा संकेतही निवडता येतो. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हे देशपातळीवरचे अहवाल (२०२० आणि २०२३) सामान्य निरीक्षकांच्या अशाच नोंदींवर उभे राहिले आहेत. घरटी खासगी घरात असतील तर नेमका पत्ता टाकू नका, पेठेचे किंवा वॉर्डाचे नाव पुरे.

युरोपात हे काम बरेच पुढे गेले आहे. ब्रिटनमध्ये तिथली पाकोळी २०२१ साली चिंताजनक पक्ष्यांच्या लाल यादीत गेली, ७ जून हा जागतिक पाकोळी दिन पाळला जातो, भिंतीत बसवायच्या खास पोकळ विटाही मिळतात. त्या विटांची चित्रे पाहून तशा पेट्या मागवण्याची घाई नको. ती पाकोळी भिंतीच्या भोकात राहते, आपली छताखाली उघड्यावर घरटे चिकटवते. आपल्याकडे आहे ते छत आणि आहे ती घरटी वाचवणे हेच मुख्य काम. बडोद्यात १९६०च्या दशकात नाईक आणि रझाक यांनी याच छोट्या पाकोळीचा बारकाईने अभ्यास केला, तोही इमारतींतल्या वसाहतींवरच.

रंगकाम, जाळी, दुरुस्ती: तुमच्या हातात काय आहे?

आपल्याकडे वीण साधारण फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत चालते. म्हणून दुरुस्ती नोव्हेंबर ते जानेवारीत धरावी, आणि त्यातही काम दिवसा करून सूर्यास्ताआधी परांची रिकामी सोडावी. घरटी असलेला पट्टा न रंगवता सोडणे शक्य असते. रंगाऱ्याला तोंडी सांगून उपयोग नाही. खडूने रेघ मारा आणि मुकादमाला दाखवा.

कबुतरांसाठी लावलेली जाळी हा सर्वांत वाईट प्रकार. पक्षी बाहेर अडकतात आणि पिल्ले आत मरतात. जाळी लावायचीच असेल तर घरट्यांचा पट्टा वगळून लावा आणि आधी दोन संध्याकाळी मोजणी करून आत कोणी नाही याची खात्री करा.

घाणीचा त्रास खरा आहे, तो नाकारू नका. नाकारलात की सोसायटीत तुमची बाजू तिथेच पडते. घरट्यांच्या खाली जमिनीवर जुने पोते किंवा पुठ्ठा टाकून आठवड्याला बदलला की निम्मी तक्रार मिटते. फळी ठोकायची असेल तर घरट्याला लागून नको. पाकोळी घरट्यातून आधी खाली झेपावते आणि मग पंख पसरते, तिला ती मोकळी जागा लागते.

कायदा असा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २(१६) मधल्या ‘शिकारी’च्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे आणि अंडी किंवा घरटी विचलित करणे हेही येते. कलम ९ ची शिकारबंदी अनुसूचीतल्या प्राण्यांना लागू होते, आणि २०२२च्या दुरुस्तीने बदललेल्या अनुसूच्या १ एप्रिल २०२३ पासून अमलात आल्या. त्यामुळे तक्रारीत ‘पाकोळी’ एवढेच न लिहिता शास्त्रीय नावही लिहा आणि कोणते कलम लागते ते वनविभागाला ठरवू द्या. घरटी पाडली जात असताना दिसली तर फोटो काढा, वेळ नोंदवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. वनपरिक्षेत्र अधिकारी आणि जिल्ह्याचे मानद वन्यजीव रक्षक यांना लेखी द्या. रंगाऱ्याशी हुज्जत घालू नका, तो सांगितलेले काम करतो आहे.

सार्वजनिक इमारतीसाठी अर्ज साताऱ्यात नगरपालिकेला, सांगलीत सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेला, आणि पूल किंवा सरकारी इमारत असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाला करा. दुरुस्तीचा आदेश आणि मुदत माहिती अधिकारात मागता येते. जैवविविधता अधिनियम, २००२ प्रमाणे स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवणे हे तिचे काम आहे. तुमच्या वसाहतीची नोंद त्या वहीत करण्याची मागणी याच अर्जात घाला. ताडपाकोळ्यांचा ताड तोडला जाणार असेल तर १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यातल्या सूचनेवर हरकत नोंदवा.

अर्ज लांबलचक नको. नमुना:

> ‘… या इमारतीच्या व्हरांड्यात छोट्या पाकोळीची (अपस अफिनिस) … घरटी असून, … पासून आम्ही दरमहा मोजणी करत आहोत. तक्ता व छताचा नकाशा सोबत जोडला आहे. नियोजित दुरुस्ती नोव्हेंबर ते जानेवारी या काळात करावी, नकाशात दाखवलेला पट्टा वगळावा व त्यावर जाळी बसवू नये, ही विनंती. कामाआधी जागा दाखवण्यास आम्ही उपलब्ध आहोत.’

शेवटचे वाक्य गाळू नका. साहेबांना आक्षेपापेक्षा मदत करणारा माणूस जास्त पटतो. आणि ‘पाकोळ्या डेंग्यूचे डास खाऊन टाकतात’ असले वाक्य अर्जात घालू नका. त्या उंच हवेतले उडते किडे टिपतात. डेंग्यूचा डास घरात आणि अंगणात वावरतो. एक फुगवलेले विधान पकडले गेले की तुमच्या तक्त्यावरचाही विश्वास उडतो.

पाकोळी जमिनीवर सापडली तर

- हवेत उंच फेकू नका. जखमी असेल तर ती आणखी जखमी होते.
- भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ कापडावर, अंधारात, शांत जागी ठेवा. भात, पोळी, दूध काही देऊ नका, चोचीत पाणी ओतू नका.
- मोठा पक्षी असेल आणि पंख शाबूत दिसत असतील तर तासाभराने उघड्या मैदानात, उंच धरलेल्या सपाट तळहातावर ठेवा. जायचे असेल तर ती स्वतः जाते.
- उडाली नाही, किंवा पंख लोंबत असेल, तर १९२६ वर कळवा किंवा पशुवैद्यकाकडे न्या.
- पिल्लू असेल आणि घरट्यापर्यंत सुरक्षितपणे हात पोहोचत असेल तर परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप पिल्लाला टाकत नाहीत.

मोजणीच्या नावाखाली घरट्यात काठीला बांधलेला आरसा घालणे, फ्लॅश मारणे, ड्रोन उडवणे, पक्षी पकडणे हे काहीही करायचे नाही. पायात कडी घालण्यासारखे काम वनविभागाच्या परवानगीने, प्रशिक्षित लोकांनीच करायचे असते.

दसरा-दिवाळीच्या रंगकामाचे दर बहुतेक ठिकाणी पावसाळ्यातच ठरतात. अर्ज त्याआधी पोचायला हवा आणि अर्जाला निदान तीन-चार महिन्यांचा तक्ता जोडलेला हवा. म्हणून पहिली मोजणी फेब्रुवारी-मार्चमध्येच करून ठेवा.